सनी रोलिन्स यांच्या दोन मैफली : वरातीत सॅक्सोफोन वाजवणाऱ्या तरुण वादकासाठी

सोलापुरात लग्नसराईत बँड पथकाबरोबर क्लॅरिनेट वाजवणाऱ्या आणि आता टेनर सॅक्सोफोन हाती घेतलेल्या एका तरुण वादकाने मला प्रश्न विचारला आहे. अमेरिकी जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांचे न्यूयॉर्कमधल्या व्हिलेज व्हॅनगार्ड या क्लबमधील १९५७ सालचे ध्वनिमुद्रण या तरुणाने ऐकले. त्यात पियानो नाही, गिटार नाही, धून मध्येच सुटल्यासारखी वाटते, सूर ठिकठिकाणी मुद्दाम खरखरीत केलेला आहे आणि मागे श्रोत्यांची कुजबुजही ऐकू येते, असे त्यांचे निरीक्षण आहे. रोलिन्स यांची स्टुडिओतील ध्वनिमुद्रणे इतकी स्वच्छ असताना जाणकार मंडळी या मैफलीला एवढे का मानतात, साठ वर्षांहून लांब कारकिर्दीत नेमके काय ऐकायचे, आणि वरातीत वाजवणाऱ्या माणसाने त्यातून काय उचलायचे, असे त्यांनी विचारले आहे. ऑर्केस्ट्रात आणि पथकांत क्लॅरिनेट व सॅक्सोफोन वाजवण्यात आणि शिकवण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे मी हे उत्तर त्यांनाच उद्देशून, वादकाच्या बाजूने देतो.

रोलिन्स यांची धून सुटलेली नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. ती त्यांनी हातातून क्षणभरही खाली ठेवलेली नाही, आणि हे एकदा कानाला ओळखू येऊ लागले की ध्वनिमुद्रणातल्या ज्या गोष्टी आज खटकतात त्याच पुन्हा पुन्हा ऐकाव्याशा वाटू लागतात. या वादकाचा विचार फुलायचा तो श्रोत्यांसमोर. विशी-तिशीपासून सत्तरी ओलांडेपर्यंत यात बदल झाला नाही. म्हणून त्यांचा अभ्यास करायचा तर तो मुख्यतः मैफलींच्या ध्वनिमुद्रणांवरून करावा आणि स्टुडिओतील काम जोडीला ठेवावे, असे माझे ठाम मत आहे.

त्यांचा जन्म ७ सप्टेंबर १९३० रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात झाला. घराण्याचे मूळ कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरचे, त्यामुळे कॅलिप्सो या कॅरिबियन लोकसंगीताच्या चाली घरातच कानावर पडल्या. आधी आल्टो सॅक्सोफोन आणि मग, टेनरवादक कोलमन हॉकिन्स यांच्या भारदस्त सुराच्या ओढीने, आल्टोहून खालच्या सुराचा टेनर असा त्यांचा प्रवास झाला. हॉकिन्स यांच्याकडून रुंद, छातीतून येणारा सूर आणि आल्टोवादक चार्ली पार्कर यांच्याकडून वेग व लयीची तिरकी चाल त्यांनी घेतली. १९४९ साली, वयाची विशी गाठण्याआधीच, ते पियानोवादक बड पॉवेल यांच्या ध्वनिमुद्रणात वाजवत होते. पुढची काही वर्षे हेरॉइनच्या व्यसनाने खाल्ली, तुरुंगवासही झाला, आणि १९५५ च्या सुमारास केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे सरकारी उपचार घेऊन ते त्यातून बाहेर पडले. त्या वर्षाच्या अखेरीस ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राउन आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांच्या संचात त्यांना जागा मिळाली. २२ जून १९५६ रोजी 'सॅक्सोफोन कोलॉसस' ही त्यांची सर्वांत गाजलेली स्टुडिओ ध्वनिमुद्रिका ध्वनिमुद्रित झाली आणि अवघ्या चार दिवसांनी, २६ जून रोजी, ब्राउन मोटार अपघातात गेले. ब्राउन निर्व्यसनी होते, आणि ज्यांच्याकडे पाहून आपण सरळ राहिलो असे रोलिन्स पुढे सांगत, त्यांपैकी ते एक होते.

'सॅक्सोफोन कोलॉसस' मधील 'ब्लू ७' या वादनावर गुंथर शुलर या संगीतकार-अभ्यासकाने १९५८ साली एक लेख लिहिला, तो तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. शुलर यांचे म्हणणे असे होते की रोलिन्स उपज करताना, म्हणजे आयत्या वेळी रचत वाजवताना, कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाच्या) चौकटीत बसणाऱ्या नव्या ताना एकामागून एक ओतत नाहीत. ते मूळ धुनेतला एक लहानसा तुकडा घेतात आणि त्याचाच विस्तार करत जातात, आणि त्यामुळे सगळे वादन एकसंध राहते. आपल्याकडच्या श्रोत्याला यात आश्चर्य वाटणार नाही, कारण बंदिशीचा मुखडा हाती धरून बढत करणे आपल्या कानांना सवयीचे आहे. त्या काळच्या जॅझमध्ये मात्र एकदा धून वाजवून झाली की ती बाजूला ठेवायची आणि तिच्या कॉर्डवर स्वतंत्र उपज करायची, ही रूढ पद्धत होती. रोलिन्स यांचे वेगळेपण या ठिकाणी आहे. हा लेख वाचल्यावर आपण आपल्याच वादनाकडे फार जाणीवपूर्वक पाहू लागलो आणि त्याचा त्रास झाला, असेही त्यांनी नंतर सांगितले. आपल्याबद्दलचे लेख वाचणे त्यांनी त्यानंतर टाळले.

आता व्हॅनगार्डकडे येतो. व्हिलेज व्हॅनगार्ड हा न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अॅव्हेन्यू साउथवरचा तळघरातला क्लब आहे. मॅक्स गॉर्डन यांनी तो १९३५ साली या जागेत आणला. खोली लहान आणि साधारण त्रिकोणी आहे, श्रोते वादकांच्या अगदी जवळ बसतात. रविवार, ३ नोव्हेंबर १९५७ रोजी ब्लू नोट या ध्वनिमुद्रिका कंपनीसाठी ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी आपली यंत्रे तेथे आणून दुपारचे आणि रात्रीचे वादन ध्वनिमुद्रित केले. या क्लबमध्ये झालेले हे पहिले ध्वनिमुद्रण. दुपारी डबल बासवर डोनाल्ड बेली आणि ड्रम्सवर पीट ला रोका होते, रात्री विल्बर वेअर आणि एल्विन जोन्स. रोलिन्स तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. या मैफलीच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर सहा वादने निवडली गेली आणि त्यांतले 'अ नाइट इन ट्युनिशिया' एवढे दुपारचे, बाकी रात्रीची. ही निवड मला योग्य वाटते. दुपारचे ड्रमवादन सरळ आणि सुबक आहे, पण रात्री जोन्स रोलिन्स यांना उत्तरे देतात, कधी त्यांच्या पुढे जाऊन प्रश्न टाकतात, आणि त्या देवघेवीतच मैफल उभी राहते. तीनच वर्षांनी हेच जोन्स सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या संचात गेले आणि त्यांचे नाव सर्वदूर झाले. त्या वादनाची चुणूक इथे आधीच मिळते.

पियानो नसण्याचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे, कारण तुमच्या बहुतेक शंका त्यातून निघाल्या आहेत. पियानो किंवा गिटार प्रत्येक बारमध्ये (ठरावीक मात्रांच्या एका खंडात) कॉर्ड वाजवून सांगत असते की आत्ता आधार कोणत्या स्वरांवर आहे. त्यामुळे श्रोत्याला सोय होते आणि वादकावर बंधन येते. रोलिन्स यांनी मार्च १९५७ मध्ये लॉस एंजेलिस येथे रे ब्राउन आणि शेली मॅन यांना घेऊन केवळ बास व ड्रम्सच्या साथीने 'वे आउट वेस्ट' ध्वनिमुद्रित केली होती, आणि व्हॅनगार्डमध्ये तोच प्रयोग श्रोत्यांसमोर अधिक धाडसाने पुढे नेला.

'सनीमून फॉर टू' हे वादन घ्या, कारण त्याची धून सोपी आहे आणि आपल्या स्वरलिपीत सांगता येते. ही बारा बारांची ब्लूज, म्हणजे अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून आलेल्या ठरावीक साच्यातली धून आहे, म्हणजे चार-चार मात्रांचे बारा बार, अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन. षड्ज काळी पाचवर आहे. धून म्हणजे चार बारांचा एकच तुकडा, तोच तीनदा वाजतो. त्यातले स्वर षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. धानी रागाचे स्वर ज्याच्या बोटांत आहेत त्याला हा तुकडा एका बैठकीत येईल. तुकडा वरून खाली उतरतो. तो तीनदा तोच वाजत असला तरी तिन्ही वेळा सारखा ऐकू येत नाही, याचे कारण खालचा आधार बदलतो. पहिल्या चार बारांत आधार षड्जावर असतो, पाचव्या बारात तो मध्यमावर सरकतो, आणि नवव्या बारापासून पंचमाच्या वाटेने पुन्हा षड्जाकडे येतो. षड्जावरच्या कॉर्डमध्ये गंधार शुद्ध असतो आणि धुनेत तो कोमल आहे, त्यामुळे पहिल्या तुकड्यात एक सूक्ष्म ओढाताण ऐकू येते. मध्यमावरच्या कॉर्डमध्ये मात्र नेमका तोच कोमल गंधार सामावलेला असतो, म्हणून दुसऱ्या वेळी तोच स्वर अचानक घरी पोचल्यासारखा बसतो. ब्लूजची सारी चव या ओढाताणीत आहे.

आता यातून पियानो काढून टाका. शुद्ध गंधार सतत वाजवून दाखवणारे कोणीच उरत नाही. वेअर बासवर आधारस्वर देतात, पण तेही मोजकेच, पुष्कळदा एकाच स्वराभोवती घोटाळत, आणि गंधाराचा निर्णय रोलिन्स यांच्यावर सोडून देतात. मग रोलिन्स कधी कोमल लावतात, कधी शुद्ध, कधी दोन्हींच्या मध्ये सूर रेटून ठेवतात, आणि प्रत्येक वेळी सगळ्या वादनाचा रंग पालटतो. तुम्हाला जो खरखरीतपणा वाटला तो या ठिकाणचा आहे. तो दोष समजू नका. ओठांचा दाब आणि घशाची पोकळी बदलून त्यांनी तो सूर तसा घडवला आहे, आणि पुढच्याच ओळीत तेच बोट स्वच्छ, गोल सुरात वाजवून त्यांनी आपला ताबा दाखवून दिला आहे.

धून सुटल्यासारखी का वाटते, याचे उत्तरही याच वादनात मिळते. उपज सुरू असताना तुम्ही मनात मूळ तुकडा म्हणत राहा, पायाने मात्रा मोजत राहा. मग लक्षात येईल की रोलिन्स यांनी तुकड्याचे शेवटचे दोन स्वर तेवढे उचलले आहेत, किंवा स्वर सगळे बदलून फक्त लयीचा आकार ठेवला आहे, किंवा तुकडा अर्धी मात्रा उशिरा टाकून तो पुढच्या बारात लांबवला आहे. मध्येच ते चार-पाच मात्रा गप्प बसतात. ही शांतता मोजलेली असते. अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन त्यांच्या आत चालूच असते आणि ते बरोबर जागेवर येऊन उतरतात. त्याच ध्वनिमुद्रिकेवरचे 'सॉफ्टली, अॅज इन अ मॉर्निंग सनराइज' हे बत्तीस बारांचे, म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रांचे आहे. ते दुसऱ्या टप्प्यावर ऐका, कारण तिथे आवर्तन मनात धरून ठेवणे बरेच अवघड आहे.

वरातीत वाजवणाऱ्याने यातून काय घ्यावे, या तुमच्या प्रश्नाकडे मी इथेच वळतो, कारण तुमचे शिक्षण तुम्ही समजता त्यापेक्षा या संगीताच्या अधिक जवळचे आहे. चालत्या पथकात ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन धून वाजवतात, खाली ढोल, साइड ड्रम आणि झांजा असतात. गाडीवर कीबोर्ड नसेल तर कॉर्ड सांगणारे कोणीच नसते. उघड्या रस्त्यावर, तालाच्या गदारोळावर, एकट्या धुनेच्या जिवावर गाणे ओळखू आणून देणे हे काम तुम्ही रोज करता. नवी पेठेतून वरात निघाली असताना शेवटच्या रांगेतल्या माणसाला मुखडा कळला पाहिजे, ही अट तुम्हाला कोणी शिकवावी लागली नाही. रोलिन्स यांच्या त्रिकुटातही अट हीच आहे. फरक इतकाच की पथकात मुखडा जसाच्या तसा पुन्हा वाजवायचा असतो आणि ते मुखड्याला ओळख न मोडता बदलत राहतात. गाण्यांच्या निवडीतही साम्य आहे. रोलिन्स यांनी कॅलिप्सो, नाटकांतली जुनी लोकप्रिय गाणी, अगदी काउबॉयची गाणीसुद्धा गंभीरपणे हाताळली आणि कोणत्याही धुनेला हलके मानले नाही. सोलापुरात एकाच वरातीत मराठी, हिंदी, तेलुगू आणि कन्नड गाण्यांची फर्माईश येते, आणि पथकाला ती सगळी वाजवावी लागतात. हा साठा म्हणजे तुमचे भांडवल आहे. त्यातली चार गाणी निवडून त्यांच्यावर रोलिन्स यांच्या पद्धतीने काम करावे, असे मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

व्हॅनगार्डनंतर दोन वर्षांच्या आत, कीर्तीच्या शिखरावर असताना, रोलिन्स यांनी जाहीर वादन थांबवले. आपले नाव आपल्या वादनापेक्षा मोठे झाले आहे असे त्यांना वाटत होते. ते मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागात राहत आणि घरात मोठ्याने वाजवले तर शेजाऱ्यांना त्रास होई, म्हणून ते ईस्ट नदीवरच्या विल्यम्सबर्ग पुलावर, पादचाऱ्यांच्या वाटेवर जाऊन सराव करू लागले. खालून आगगाड्या आणि मोटारी, नदीत बोटी, हिवाळ्यात गोठवणारा वारा, आणि अशा ठिकाणी कित्येकदा दिवसातले पंधरा-सोळा तास वादन, असा क्रम १९५९ पासून १९६१ पर्यंत चालला. ही गोष्ट पुष्कळदा रम्य आख्यायिका म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातला तांत्रिक भाग महत्त्वाचा वाटतो. बंद खोलीत भिंती आपला सूर परत आणून देतात आणि तो मोठा असल्याचा भास होतो. मोकळ्यावर असे काही होत नाही, सुरात जेवढा दम असेल तेवढाच ऐकू येतो. संभाजी तलावाच्या काठी पहाटे जाऊन लांब सूर धरण्याचा सराव करा म्हणून मी सांगतो तो याच कारणासाठी. १९६२ साली 'द ब्रिज' ही ध्वनिमुद्रिका घेऊन ते परतले. तिच्यात पियानोऐवजी जिम हॉल यांचा अतिशय मोजका, हवेशीर गिटार आहे. बासवर असलेले बॉब क्रॅनशॉ हे नाव लक्षात ठेवा.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ते पुन्हा दूर झाले. या काळात त्यांनी मुंबईत पवई येथे स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने काढले आणि योग व वेदान्ताचा अभ्यास केला. स्थिर बसून ध्यान करणे आपल्याला जमत नाही, असे त्यांनी तेथे सांगितले, तेव्हा वादन हेच तुमचे ध्यान आहे असे उत्तर त्यांना मिळाले, ही आठवण त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितली आहे. त्यांच्या सुरावर भारतीय रागांची छाप पडली असे मला कोठेही ऐकू येत नाही, आणि आपल्याकडे जे तसे सांगतात ते अभिमानापोटी सांगतात. जो फरक पडला तो वादनामागच्या वृत्तीत पडला असावा.

१९७२ साली ते परतले, आणि त्यानंतरच्या स्टुडिओ ध्वनिमुद्रिकांविषयी मी थोडक्यातच लिहितो. त्यांत चांगले वादन आहे, पण साथीची मांडणी पुष्कळदा घट्ट आणि चकचकीत आहे, आणि रोलिन्स तिच्यात आखडून वाजवतात. स्टुडिओत एकच वादन कायमचे ठरते, या जाणिवेने ते अस्वस्थ होत आणि स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकणे त्यांना नकोसे वाटे, हे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. याच वर्षांत ज्यांनी त्यांना प्रत्यक्ष ऐकले ते मात्र थक्क होऊन परतत. १९८५ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्यांनी कोणत्याही साथीशिवाय एकट्याने मैफल केली. १९८६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सॉगर्टीज येथे, दगडी खाणीत उभारलेल्या ओपस ४० या शिल्पस्थळी वाजवत असताना त्यांनी उंच कट्ट्यावरून खाली उडी मारली, टाचेचे हाड मोडले, आणि ते पाठीवर पडल्या पडल्या वाजवत राहिले. रॉबर्ट मगी यांच्या माहितीपटात हे दृश्य आहे. त्या दिवसाचे 'जी-मॅन' हे वादन ऐका. एकाच छोट्या तुकड्यावर इतका वेळ, इतक्या ताकदीने राहता येते हे तिथे कळते, आणि १९५७ च्या मैफलीशी त्याचे नाते लगेच ओळखू येते.

दुसरी मैफल मी तुम्हाला सुचवतो ती २००१ सालची. रोलिन्स आणि त्यांच्या पत्नी ल्युसिल यांचे एक घर मॅनहॅटनमध्ये ग्रिनिच स्ट्रीटवर, वर्ल्ड ट्रेड सेंटरपासून काही चौकांच्या अंतरावर, उंच इमारतीत होते. हल्ला झाला त्या ११ सप्टेंबरला रोलिन्स तिथेच होते. त्यांना घर सोडावे लागले तेव्हा त्यांनी सॅक्सोफोन बरोबर घेतला होता. चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर रोजी, बॉस्टनच्या बर्कली परफॉर्मन्स सेंटरमध्ये त्यांची मैफल ठरलेली होती. त्यांची जायची इच्छा नव्हती. ल्युसिल यांनी आग्रह धरला म्हणून ते गेले. वय एकाहत्तर वर्षे. त्या मैफलीत ते श्रोत्यांशी बोललेही. संगीत जिवंत ठेवायला हवे, त्याने मदत होईल की नाही हे आपल्याला माहीत नाही, पण काहीतरी करून पाहिले पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हे ध्वनिमुद्रण 'विदाउट अ साँग' या नावाने २००५ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी, २००४ साली, ल्युसिल यांचे निधन झाले होते.

या ध्वनिमुद्रणावर माझे पहिले म्हणणे असे की ते व्हॅनगार्डच्या तोडीचे नाही, आणि तसे समजून ऐकू नये. सहा जणांचा संच आहे. पियानोवर स्टीफन स्कॉट, ट्रॉम्बोनवर रोलिन्स यांचे भाचे क्लिफ्टन अँडरसन, ड्रम्सवर पेरी विल्सन, तालवाद्यांवर किमाती दिनिझुलू, आणि बासवर तेच बॉब क्रॅनशॉ, जे १९६२ च्या 'द ब्रिज' वर होते. साथीदारांची उपज काही ठिकाणी लांबते आणि तेवढ्यात मैफलीचा ताण उतरतो. पण रोलिन्स वाजवू लागले की सारे बदलते. 'व्हाय वॉज आय बॉर्न?' हे जेरोम कर्न यांचे १९२९ सालचे गाणे त्यांनी दीर्घकाळ वाजवले आहे, आणि याच वादनासाठी त्यांना २००६ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यात सूर १९५७ सारखा गोटीबंद राहिलेला नाही; तो अधिक रुंद, कडांना फाटलेला, श्वासाने भरलेला आहे. बोटांचा वेगही तेवढा नाही. पण गाण्याचा मुखडा घेऊन त्याच्याशी जी चर्चा चालते, एकेक ओळ उलटून पाहणे, मध्येच दुसऱ्याच गाण्याचा धागा आणून तो बरोबर जागी बसवणे, ड्रमवादकाला मात्रा देऊन त्याच्याकडून त्या परत घेणे, ते सगळे तेच आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या अंतरावरची ही दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकली तर शरीराचे काय जाते आणि विचाराचे काय राहते, हे वादकाला जितके स्पष्ट ऐकू येईल तितके शब्दांत सांगता येणार नाही.

२०१२ नंतर त्यांनी जाहीर मैफल केली नाही. फुप्फुसांच्या ऊती कठीण होत जाण्याच्या आजाराने त्यांना वाद्य कायमचे बाजूला ठेवावे लागले. फुंकून वाजवणाऱ्या कोणालाही हे वाचताना कळ आल्याशिवाय राहणार नाही.

आता सरावाविषयी. टेनर सॅक्सोफोन आणि तुमचा नेहमीचा क्लॅरिनेट दोन्ही एकाच जातीचे, म्हणजे पांढरी एकची बोटे लावली की काळी पाच वाजणारे आहेत, त्यामुळे 'सनीमून फॉर टू' तुम्हाला पांढरी एक धरूनच बसवता येईल. बोटे बसवताना एक अडचण येईल. क्लॅरिनेटमध्ये वरच्या स्वरस्थानाची कळ दाबली की सूर वरच्या सप्तकातल्या पंचमाइतकी उडी मारतो, सॅक्सोफोनमध्ये तो सरळ वरच्या सप्तकात जातो. त्यामुळे जुनी सवय पहिले काही आठवडे दगा देते. त्याहून महत्त्वाचा ओठांचा दाब आहे. क्लॅरिनेटवादक टेनर घेतो तेव्हा जबडा आवळून धरतो आणि सूर बारीक, नाकातला येतो. जबडा सैल सोडा, खालचा ओठ रीडला (माउथपीसवरच्या वेताच्या पातीला) आधार देण्यापुरताच ठेवा, आणि मंद्र सप्तकातल्या स्वरांपासून सुरुवात करा. रोलिन्स यांचा सूर तळातून वर बांधत नेलेला आहे.

ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवणार असाल तर सोलापूरच्या हवामानाची दखल घ्या. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना वाद्यातली हवा तापते आणि सूर चढतो, म्हणून ध्वनिमुद्रण उतरलेले वाटते. अशा वेळी माउथपीस बुचावरून किंचित बाहेर ओढून सूर मिळवा, ओठांनी सूर खाली ओढत बसू नका, नाहीतर नुकतीच सैल केलेली पकड पुन्हा बिघडेल. आपली कोरडी हवा वेताच्या रीडलाही मानवत नाही, तिचे टोक वाकडे होते आणि नेमक्या हळुवार सुरांवर ती किंचाळते. रीड वाजवण्याआधी नीट ओली करा, वाजवून झाल्यावर पुसून सपाट खाचेच्या बंद डबीत ठेवा, आणि दोन-तीन रीड आलटून पालटून वापरा.

'सनीमून फॉर टू' चा तुकडा पाठ झाला की रोलिन्स यांची उपज उतरवून काढायच्या मागे लगेच लागू नका. आधी फक्त विल्बर वेअर यांचा बास ऐकत मूळ तुकडा बारा बारांच्या आवर्तनात वाजवत राहा; नंतर तुकड्यातला एक स्वर गाळा, मग दोन, मग सुरुवात अर्धी मात्रा मागे सरकवा, आणि प्रत्येक वेळी आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर न चुकता उतरा. हे जमू लागले की तोच प्रयोग पथकातल्या एखाद्या चालू गाण्याच्या मुखड्यावर, ढोलवाल्याला समोर बसवून, करून बघा. पुढे संपूर्ण ध्वनिमुद्रण मिळवा. नंतर निघालेल्या दोन सीडींच्या संचात दुपार आणि रात्र दोन्हींचे वादन आहे, रोलिन्स स्वतः धुनांची नावे सांगतात तेही त्यात ऐकू येते. त्यातले रात्रीचे भाग आधी ऐका आणि दुपारचे मग.